हमर आणि लँड रोव्हर एकाच तागडीत तोलू नका

डायमेकर

परवा 'चाकोरीबाहेर' यांनी इथे लिहिलं: "जनरल मोटर्सने २००९ साली घाबरून हमर विकायला काढली, हा गाडीधंद्यातला सगळ्यात मोठा गाढवपणा. धीर धरला असता तर आज त्या नावाचं सोनं झालं असतं. टाटांनी लँड रोव्हर घेऊन करून दाखवलं, अमेरिकनांची तेवढी छाती नव्हती." खाली चाळीसेक जणांनी 'अगदी मनातलं बोललात' म्हणून ठेवलंय. तीन दिवस गप्प बसलो. आता लिहितो आणि लांबलचक लिहितो, कारण त्या वर्षी मी इथे, डेट्रॉइटच्या उत्तरेला ट्रॉयमध्ये, पत्रा दाबायच्या डाय (साचे) बनवणाऱ्या एका छोट्या शॉपमध्ये कामाला होतो.

आधी सांगा, हमर जनरल मोटर्सची, म्हणजे जीएमची, होती कधी? अमेरिकन लष्कराची हमव्ही ही गाडी एएम जनरल या कंपनीची. तिचीच नागरी आवृत्ती त्यांनी १९९२ पासून विकली. जीएमने डिसेंबर १९९९ मध्ये नाव घेतलं. मग २००२ ला एच-टू हे मॉडेल आलं. तिचा सांगाडा शेवर्ले टाहो-सबर्बनच्या घराण्यातला, इंजिन जीएमच्या पिकअपचं आणि जोडणी इंडियानातल्या मिशावाका गावी, तीही एएम जनरलच्याच माणसांच्या हातून. पुढचं मॉडेल एच-थ्री लुइझियानात श्रीव्हपोर्टला बनायची, शेवर्ले कोलोरॅडो पिकअपच्या पायावर. म्हणजे २ जून २००९ ला, दिवाळखोरीचा अर्ज केल्याच्या दुसऱ्याच दिवशी, जीएमने चीनमधल्या सिचुआनची तेंगचोंग कंपनी हमरची ग्राहक म्हणून जाहीर केली तेव्हा टेबलावर होतं काय? नाव, आराखड्यांचे हक्क, डीलरांचे करार आणि 'आणखी थोडी वर्षं आम्हीच तुम्हाला गाड्या बनवून देऊ' असं आश्वासन. स्वतःचा कारखाना नाही, स्वतःचं इंजिन नाही. आधी ५० कोटी डॉलरचा अंदाज होता, सौद्याच्या बातम्यांत आकडा आला १५ कोटींचा.

आणि धीर कशाच्या जोरावर धरायचा? अमेरिकेतली विक्री २००६ ला ७१,५२४. २००८ ला २७,४८५. २००९ ला नऊ हजारांच्या आसपास. जीएम तेव्हा सरकारच्या पैशावर श्वास घेत होती, एकसष्ट टक्के मालकी सरकारची झाली होती. पगार द्यायला पैसे नसलेला माणूस दागिना मोडतो, तेव्हा 'थांबला असता तर भाव वाढला असता' हे सांगायला शेजारी असतातच.

एच-थ्रीच्या मागच्या दाराच्या आतल्या पत्र्याची डाय आमच्याकडे आली होती. त्या दाराला बाहेरून स्टेपनी टांगलेली, त्यामुळे बिजागरीच्या बाजूला खोल ओढ. पत्रा खालच्या कोपऱ्यात फाटायचा. रोज तोच खेळ: डायला खुणेचा निळा रंग लावायचा, प्रेस मारायची, कुठे टेकतंय बघायचं, दगडाने घासायचं, पुन्हा निळं. सहा आठवडे मी त्या एका कोपऱ्यावर होतो. २००९ च्या वसंतात ते शॉप बंद झालं. नाव लिहीत नाही, मालक बिचारा स्वतःच घर विकून गेला. त्यामुळे 'छाती नव्हती' हे वाक्य वाचलं आणि राहवलं नाही.

चाकोरीबाहेर

साहेब, तुमच्या नोकरीचं वाईट वाटलं, मनापासून. पण मुद्दा सोडणार नाही.

नावाखेरीज काही नव्हतं म्हणता. या प्रकारच्या गाड्यांत नाव म्हणजेच सगळं. जीपचं उदाहरण घ्या. विलीजकडून १९५३ ला कैसरकडे, १९७० ला अमेरिकन मोटर्सकडे, १९८७ ला क्रायस्लरकडे, मग डाइमलर, मग सर्बेरस, मग फियाट, आता स्टेलांटिस. एवढ्या घरी नांदली तरी जीप ती जीपच. आपल्या पुण्याशेजारी रांजणगावात २०१७ पासून कंपास बनते, तिच्या पुढच्या जाळीतही सात खाचा आहेत. त्या सात खाचांवरून क्रायस्लरवाले हमर एच-टूविरुद्ध अमेरिकेत कोर्टात गेले होते आणि हरले. दोन कंपन्या जाळीवरून कोर्टात भांडतात, ते नावाला आणि चेहऱ्याला किंमत असते म्हणूनच ना?

दुसरं, पेट्रोल. २००८ च्या जुलैत गॅलनला चार डॉलरच्या वर गेलं म्हणून सगळे पळाले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात ते दोन डॉलरच्या खाली होतं! पुढची दहा वर्षं अमेरिकेत मोठ्याच गाड्या खपल्या.

आणि तिसरं, ज्याचं उत्तर तुमच्याकडे नाही: २०२० च्या ऑक्टोबरात जीएमनेच हमर पुन्हा काढली, विजेवरची, जीएमसीच्या नावाखाली. कवडीमोलाचं नाव दहा वर्षांनी कोणी उकरून काढत नाही. मी वीस वर्षं सह्याद्रीत गाडी घालतोय, वेल्ह्यापासून जव्हारपर्यंत. चिखलात अडकल्यावर माणूस कुठल्या गाडीवर विश्वास टाकतो, ते मला ताळेबंदातून शिकायचं नाही.

रेवा_साउथबेंड

मिशावाका माझ्या घरापासून पंधरा मिनिटांवर आहे, म्हणून दोन शब्द.

आमचं साउथ बेंड स्टुडबेकरचं गाव. तो कारखाना १९६३ ला बंद झाला, त्याच्या गोष्टी इथले म्हातारे अजून काल घडल्यासारख्या सांगतात. एच-टूचा कारखाना उभा राहिला तेव्हा त्यांना वाटलं, गेलेले दिवस परत आले. मी फिजिओथेरपिस्ट आहे. माझ्याकडे त्या लाइनवरची माणसं खांदे घेऊन यायची. एकजण डाव्या हाताने डोक्यावरचं हार्नेस (तारांचा जुडगा) ओढून बसवायचा, दिवसभर. उजव्या खांद्यापेक्षा डावा दोन बोटं वर चढलेला. कामाचं कौतुक मात्र असं, की पार्किंगमध्ये एच-टू दिसली की मला खिडकीशी नेऊन दाखवायचा, ते हार्नेस कुठून कसं जातं.

पुढे त्या कारखान्याचं काय झालं तेही ऐका. मर्सिडीजची आर-क्लास काही काळ तिथे बनली. मग २०१७ ला चिनी मालकीच्या एका कंपनीने तो घेतला. नंतर विजेच्या व्हॅन बनवणार म्हणून आणखी एक कंपनी आली, ती २०२२ ला दिवाळ्यात गेली. पुन्हा नवा मालक. इमारत विकत घेणारे पुष्कळ आले, तो खांदेवाला मात्र शेवटी दुकानाच्या गोदामात लागला.

माझं मत दोघांपेक्षा वेगळं आहे. हमर विकली जात होती, त्यातला मोठा भाग करसवलतीवर विकला जात होता. सहा हजार पौंडांहून जड गाडी धंद्यासाठी घेतली तर २००३ साली एक लाख डॉलरपर्यंतचा खर्च त्याच वर्षी उत्पन्नातून वजा करता यायचा. शेतकऱ्याच्या ट्रकसाठी केलेली सोय, आणि घेतली कोणी? आमच्याच इमारतीतले दोन डॉक्टर आणि एक घरांचा एजंट. २००४ च्या ऑक्टोबरात ती मर्यादा २५ हजारांवर आणली. तेव्हा हे प्रेम ऑफरोडिंगचं होतं की कराचं, याचा विचार करा.

पायी चालणारी

रेवाताई, अगदी योग्य जागी बोट ठेवलंत. त्यात माझी भर: साडेआठ हजार पौंडांहून जड गाड्यांना अमेरिकेत मायलेजची चिठ्ठी लावायचं बंधनच नव्हतं. एच-टू गॅलनला दहा मैलांच्या आसपास जायची, म्हणजे लिटरला चार-सव्वाचार किलोमीटर, आणि हे शोरूममध्ये कुठे लिहिलेलंच नाही!

हमर गेली ते उत्तम झालं. मला दुःख आहे ते तिची वृत्ती आपल्याकडे आली याचं. आमच्या कोथरूडच्या गल्लीत समोरासमोर दोन रिक्षा जेमतेम निघतात, तिथे आता प्रत्येक बंगल्याबाहेर बैलासारखी गाडी उभी. गेल्या श्रावणात माझे सासरे मंदिरातून येताना अशाच एका गाडीने वळताना पाडले. हळू होती म्हणून वाचले. मांडीचं हाड मोडलं, अजून काठीशिवाय चालत नाहीत. गाडीवाला चांगला माणूस, स्वतः हॉस्पिटलात घेऊन गेला, रडला. एकच म्हणत होता, "काकू, मला दिसलेच नाहीत हो ते." आणि ते खरं होतं! मी नंतर त्याच्या सीटवर बसून पाहिलं. बॉनेटपुढचा केवढा तरी रस्ता दिसतच नाही. बुटका म्हातारा माणूस काय, पहिलीतलं पोर काय, कोणीच दिसणार नाही.

चाकोरीबाहेर

ताई, सासऱ्यांना लवकर बरं वाटो. पण गल्ली अरुंद आहे, फुटपाथ नाही, हा महापालिकेचा दोष. माझी गाडी महिन्यातून दोनदा डोंगरात जाते, पूर आला तेव्हा आम्हीच दोरखंड घेऊन गावात शिरलो होतो. सगळ्यांना एका माळेत ओवू नका.

पायी चालणारी

पुरात गेलात त्याबद्दल नमस्कार करते. पण उरलेले अठ्ठावीस दिवस ती गाडी कोणाच्या दारासमोर उभी असते?

लाभांश

सगळं वाचलं. चाकोरीबाहेर यांच्या मुद्द्याचा गाभा कोणी धरतच नाही: टाटांनी जे केलं ते जीएम का करू शकली नाही? उत्तर एका शब्दात आहे, स्वाभिमान.

१९९९ ची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. इंडिका सुरुवातीला अडखळली, कार विभाग विकावा म्हणून रतन टाटा आणि सहकारी डेट्रॉइटला फोर्डकडे गेले. तिथे ऐकून घ्यावं लागलं की कार बनवणं तुम्हाला येत नाही तर या धंद्यात पडलात कशाला, आम्ही तुमच्यावर उपकारच करतोय. टाटांचे प्रवीण कडले त्या बैठकीला होते, त्यांनी २०१५ ला मुंबईत यशवंतराव चव्हाण राष्ट्रीय पुरस्काराच्या कार्यक्रमात जाहीरपणे सांगितलंय. नऊ वर्षांनी त्याच फोर्डकडून जग्वार आणि लँड रोव्हर घेतल्या, आणि उपकार कोणी कोणावर केले ते फोर्डच्या अध्यक्षांनीच म्हणून दाखवलं.

२००८ ला टाटा मोटर्सने जुन्या भागधारकांना नवे शेअर देऊ केले, त्या राइट्समध्ये मी ३४० रुपयांनी शेअर भरले. बाजारात भाव त्याखाली घसरलेला. बायको म्हणाली, भाजीवालीसुद्धा असा व्यवहार करणार नाही. २००८-०९ ला कंपनीला एकत्रित २,५०५ कोटींचा तोटा, डोंबिवली लोकलमध्ये लोक मला बघून विषय बदलायचे. मी एक शेअर विकला नाही. मुलीचं लग्न त्यातून झालं. छाती लागते ती ही.

डायमेकर

लाभांशकाका, तुमच्या धीराला मान. पण ही अपमान-बदल्याची गोष्ट सांगून सांगून आपण सौदा समजून घेणंच सोडून दिलंय, त्याचा मला खरोखर राग येतो.

फोर्डने जग्वार १९८९ ला घेतली, लँड रोव्हर २००० ला बीएमडब्ल्यूकडून घेतली. दोन्हीचे मिळून पाचशे कोटी डॉलरच्या वर मोजले. २००८ ला दोन्ही २३० कोटींना दिल्या आणि वर पेन्शन फंडात ६० कोटी भरले. का? कारण २००६ ला तोटा साडेबाराशे कोटी डॉलरच्या पुढे गेला होता. फोर्डचे प्रमुख मुलालींनी त्या वर्षाअखेर कारखाने तर सोडाच, फोर्डचं ते निळं लंबगोल चिन्हसुद्धा गहाण टाकून २,३६० कोटी डॉलर उभे केले होते. ॲस्टन मार्टिन आधीच विकली, व्होल्व्हो पुढे चीनच्या जीलीला गेली. फोर्डला रोकड हवी होती. ग्राहक कोण, त्याला १९९९ ला कोण काय बोललं, याच्याशी त्यांना कर्तव्य नव्हतं. बोली महिंद्रांचीही होती! तीच पुढे गेली असती तर आज आपण कुठल्या अपमानाची गोष्ट सांगितली असती?

आणि तारखा बघा. टाटांचा सौदा पुरा झाला २ जून २००८ ला. दुसऱ्या दिवशी, ३ जूनला, जीएमचे प्रमुख वॅगनर यांनी भागधारकांसमोर पहिल्यांदा सांगितलं की हमरचं काय करायचं याचा विचार चालू आहे. फोर्डने बाजार उभा असताना विकलं. जीएमचा माल बाजार उठल्यावर मांडला गेला. जीएमच्याच बाकी ब्रँडांपैकी पाँटिअॅक बंदच केली, सॅटर्नचा सौदा सप्टेंबर २००९ ला मोडला, हमरचा २४ फेब्रुवारी २०१० ला, साब तेवढी विकली गेली आणि ती २०११ च्या डिसेंबरात दिवाळ्यात. आता सांगा, दोष ग्राहकांच्या छातीचा की उशिराचा?

लाभांश

तुम्ही डेट्रॉइटला राहून डेट्रॉइटची बाजू घेणार, त्यात नवल नाही. अपमान झाला हे तरी मान्य कराल? का तेही ताळेबंदात बसत नाही?

डायमेकर

अपमान झाला असेल, मला शंका नाही. इथे त्या काळी मीटिंगमध्ये आमच्याशीही तसंच बोलायचे. पण अपमानाने इंजिन चालत नाही, काका. लँड रोव्हर उभी राहिली ती इंग्लंडातल्या सोलिहल आणि गेडनच्या माणसांच्या हातातल्या कामामुळे, आणि ती माणसं सौद्यात सोबत आली म्हणून.

बर्मिंगहॅमकर

सोलिहलचं नाव निघालं म्हणून लिहितो. माझा शेजारी लँड रोव्हरच्या कारखान्यात छत्तीस वर्षं होता. रोव्हर ग्रुप, ब्रिटिश एरोस्पेस, बीएमडब्ल्यू, फोर्ड, टाटा, एवढे मालक त्याने एकाच फाटकातून आत जाताना पाहिले. २९ जानेवारी २०१६ ला शेवटची जुनी डिफेंडर लाइनवरून उतरली, तेव्हा तो निवृत्त झालेला होता, तरी गेला होता. घरी आला आणि बराच वेळ पोर्चमध्ये उभा राहिला. मी चहा नेला तर म्हणाला, त्या गाडीच्या दारातून कायम पाणी गळायचं आणि आम्ही ते कधी बरोबर करू शकलो नाही.

२००९ चा हिवाळा इथेही वाईट होता. कंपनीने ब्रिटिश सरकारकडे कर्जहमी मागितली, अटी पटल्या नाहीत, ऑगस्टमध्ये बोलणी सोडली आणि पैसा दुसरीकडून उभा केला. त्याच सप्टेंबरात जाहीर झालं की सोलिहल किंवा कॅसल ब्रॉमिच यांपैकी एक कारखाना बंद होणार. वर्षभर सगळ्यांच्या मानेवर तलवार, ऑक्टोबर २०१० ला तो विचार सोडला. मग २०११ ला इव्होक ही नवी गाडी आली आणि चित्र पालटलं. पण तिची तयारी फोर्डच्या काळातच सुरू झाली होती, हे लाभांश यांनी लक्षात घ्यावं. टाटांचं श्रेय एवढंच आणि ते मोठं आहे: त्यांनी इंजिनिअरांना हात लावला नाही आणि वाईट दिवसांत पैसा थांबवला नाही.

लाभांश

इव्होकची गोष्ट मला माहीत नव्हती. ठीक, मान्य. पण पैसा थांबवला नाही, हे तुम्हीच लिहिलंत. मी वेगळं काय म्हणत होतो?

भोसरीचा भाऊ

इतका वेळ वाचतोय. पैसा थांबवला नाही, धीर धरला, छाती होती. आता माझं ऐका.

भोसरी एमआयडीसीत माझं प्रेस शॉप. २००८ ला पाच प्रेस, अकरा माणसं. मी ज्यांना माल द्यायचो ती कंपनी या सौद्यातली नाही, त्यामुळे टाटांवर ढकलतोय असं कोणी म्हणू नका. नाव घेणार नाही. त्या दिवाळीनंतर सोमवारी टेम्पो माल घेऊन गेला आणि गेटवरून तसाच परत आला. चलनावर शिक्का नाही. फोन केला तर 'शेड्यूल झिरो झालंय, म्हणजे ऑर्डर बंद, मेल बघा.' मेलमध्ये दोन ओळी. त्याआधीचा नव्वद दिवसांचा माल त्यांच्याकडे पडलेला, बिलं अडकलेली. बँकेचा हप्ता काही अडकत नाही.

संध्याकाळी सहाला शटर ओढताना अकराही जणं एकच विचारायची, "भाऊ, उद्या यायचं का?" मी रोज 'या' म्हणायचो आणि ती येऊन मशीन पुसून जायची. सव्वा महिना पुसली. मग सहा जणांना मीच नाही म्हणालो. त्यातला एक बिहारला गेला तो परत आला नाही, त्याच्या हातासारखा बर (कापलेल्या पत्र्याच्या कडेची धार) काढणारा हात मला आजवर मिळालेला नाही.

तेव्हा वर कुणीतरी धीर धरतं, तो खाली कुणाच्या तरी पैशावर धरलेला असतो. मोठ्यांनी नव्वद दिवस धीर धरायचा, म्हणजे आम्ही नव्वद दिवस उधार द्यायचं. यावर लिहा ना कोणीतरी! ब्रँड कोणी घेतला आणि कोणी विकला यावर हजार पानं, आणि आमच्या बिलांवर एक ओळ नाही.

लाभांश

भाऊ, तुमच्याबद्दल सहानुभूती आहे, पण मंदी जगभर होती. त्यासाठी लँड रोव्हरच्या सौद्याला बोल लावणं चुकीचं.

भोसरीचा भाऊ

बोल लावलाच नाही. पहिल्या दोन ओळी पुन्हा वाचा. तुम्ही शेअर धरून बसलात आणि मुलीचं लग्न केलंत, आनंद आहे. मी प्रेस धरून बसलो तर दोन प्रेस विकाव्या लागल्या. धीर दोघांचाही सारखाच होता, एवढंच सांगतोय.

बर्मिंगहॅमकर

भाऊंचं इथेही तंतोतंत खरं आहे. २०२५ च्या सप्टेंबरात संगणकांवर हल्ला झाला आणि जग्वार लँड रोव्हरचं उत्पादन पाचेक आठवडे थांबलं. सरकारने १५० कोटी पौंडांच्या कर्जाला हमी दिली. पण पहिल्या आठवड्यात ज्याला माणसं घरी बसवायची वेळ आली, तो आमच्या गल्लीतला सीटचे कंस बनवणारा.

मावळातला

धागा भरकटलाय, पण भरकटत माझ्या दारात आलाय म्हणून लिहितो.

चिनी ग्राहक, सरकारी परवानगी आणि मोडलेला सौदा, हे हमरपुरतं नाही. आमच्या तळेगावात हेच घडलं. जीएमचा इथला कारखाना २००८ ला सुरू झाला. २०१७ ला भारतातली विक्री बंद केली, २०२० च्या डिसेंबरात निर्यातीचं उत्पादनही बंद. त्याच वर्षी जानेवारीत चीनच्या ग्रेट वॉलशी कारखाना विकायचा करार झाला होता. एप्रिलमध्ये केंद्राने शेजारी देशांच्या गुंतवणुकीला परवानगी सक्तीची केली, ती मिळालीच नाही, २०२२ ला करार संपला. २०२३ ला ह्युंदाईने घेतला. मधल्या काळात हजाराहून जास्त कामगार कपातीच्या नोटिसा घेऊन कोर्टाच्या पायऱ्या चढत होते.

सिचुआनच्या सौद्यात काय वेगळं होतं? ऑक्टोबर २००९ ला सह्या झाल्या, अमेरिकेतल्या तीन हजारांहून जास्त नोकऱ्या वाचतील असं सांगितलं, चीनच्या सरकारची परवानगी मुदतीत आली नाही आणि सगळं संपलं. त्या वेळी चीन कमी इंधन खाणाऱ्या गाड्यांच्या मागे लागला होता, त्याला हमर कशाला हवी होती? हे एवढं उघड असताना नऊ महिने लोकांना आशेवर ठेवलं. डायमेकर, तुम्ही जीएमची कड घेताय, पण याबद्दल बोला.

डायमेकर

कड नाही घेत. पण तुमचं म्हणणं बरोबर आहे आणि मी ते आधी लिहायला हवं होतं. त्या नऊ महिन्यांत श्रीव्हपोर्टच्या माणसांना कोणी खरं सांगितलं नाही. शेवटची एच-थ्री मे २०१० ला उतरली, कारखाना २०१२ ला बंद झाला. त्यांना जून २००९ मध्येच 'ही गाडी जाणार' असं स्पष्ट कळलं असतं, तर काहींनी वेळेत दुसरीकडे हातपाय मारले असते.

चाकोरीबाहेर, तुमच्या तिसऱ्या मुद्द्याचं उत्तर राहिलं. नवी विजेची हमर डेट्रॉइट-हॅमट्रॅमकच्या कारखान्यात बनते. चार टनांची गाडी, त्यातली बॅटरीच तेराशे किलोची. २०२४ ला खपल्या चौदा हजारांच्या आसपास. नाव परत आलं, खरंय. पण मिशावाकाचं कोणी परत आलं नाही, श्रीव्हपोर्टचं नाही. आणि तुमची जीप इतक्या घरी नांदली, कारण दरवेळी टोलेडोचा कारखाना आणि तिथली माणसं सोबत गेली. हमरसोबत जायला तसं कोणीच नव्हतं.

चाकोरीबाहेर

टोलेडोचं मान्य करावं लागतंय. एच-थ्री म्हणजे कोट घातलेली कोलोरॅडो, हेही मान्य, आमच्यातले जुने लोक तेच म्हणायचे. पण जीएमने त्या सात वर्षांत हमरला स्वतःचा सांगाडा दिला असता, चांगल्या काळात तिच्यात पैसा घातला असता, तर विकायला काहीतरी राहिलं असतं. चूक २००९ ची नसेल, २००३ ची आहे. छातीचं वाक्य मागे घेतो. गाढवपणाचं घेत नाही.

डायमेकर

२००३ बद्दल माझं भांडण नाही.

पायी चालणारी

आणि बॉनेटच्या उंचीबद्दल कोणीच काही बोललं नाही.

रेवा_साउथबेंड

मी ऐकलं. माझ्या दवाखान्यातही असे येतात. वेगळा धागा काढा, मी लिहीन.

भोसरीचा भाऊ

डायमेकर, एक विचारायचं राहिलं. तो मागच्या दाराचा कोपरा फाटत होता, शेवटी रेडियस (कोपऱ्याची गोलाई) किती ठेवलात? माझ्याकडे आत्ता एका बॅटरी ट्रेचं काम आहे, तसाच फाटतोय. एक मिलिमीटरचा पत्रा, डीप ड्रॉ, म्हणजे खोल ओढ.

डायमेकर

भाऊ, ड्रॉइंगवर सहा मिलिमीटरची होती, डिझाइनवाले सोडायला तयार नव्हते. आम्ही ड्रॉमध्ये दहाची ठेवली आणि पुढच्या टप्प्यात रीस्ट्राइक (पुन्हा एक ठोका) मारून सहावर आणली. त्या कोपऱ्यापुरता पत्रा दाबून धरणाऱ्या ब्लँकहोल्डरचा दाब कमी केला आणि ब्लँकचा (कापलेल्या पत्र्याचा) कोपराही जरा तिरका कापला. फाटणं थांबलं, पण बाजूच्या भिंतीवर चुण्या यायला लागल्या, त्यासाठी ड्रॉ बीड (पत्र्याला अडवणारी डायवरची पट्टी) थोडा पुढे सरकवला. तुमच्या पत्र्याचा ग्रेड कळवा आणि फाटलेल्या तुकड्याचा जवळून फोटो पाठवा. माझ्याकडे आता रात्रीचे अकरा वाजलेत, पण जागा आहे.